गाडी-मामा आणि राखाडी स्वेटर

लग्न होऊन मी भोपाळला आले, त्या पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी जेवता जेवता मला "अर्धी पोळी!" असं म्हटलं आणि सगळं घर हसलं. माझ्या पानात चांगली अख्खी पोळी होती. मला काही कळेना. मी एवढंच म्हणाले होते की मला साड्यांचा मुळीच सोस नाही, मी एका वेळी एकच घेते.

मग नवऱ्याने समजावलं. त्याचे एक काका होते. ते जेवायला बसले की दर वेळी "अर्धीच वाढ गं" म्हणायचे. अशा सात-आठ अर्ध्या खाऊन उठायचे आणि हात धुताना समाधानाने सांगायचे, "रात्री मी अर्ध्या पोळीवरच भागवतो." तेव्हापासून, तुकड्या-तुकड्यांनी केलेली गोष्ट आपण केलीच नाही असं जो कुणी स्वतःला पटवतो, त्याच्या त्या विचाराला या घरात "अर्धी पोळी" म्हणतात. त्या रात्री मी आमच्या खोलीत जाऊन माहेरून आणलेल्या साड्या मोजल्या आणि सासऱ्यांचं म्हणणं मान्य केलं.

सासरे, म्हणजे बाबा, इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात फोरमन होते. पुण्याकडून तरुणपणी नोकरीला आले ते इथलेच झाले. कारखान्यात एखादं काम बिघडलं की माणसं कारणं सांगतात. बाबांना त्या कारणांचाच छंद लागला. कामात झालेल्या चुकीवर ते फारसे रागवत नसत. पण ती झाकायला कुणी वेडंवाकडं कारण जोडलं, की त्यांचे डोळे चमकायचे. ते त्याचं नाव ठेवायचे आणि ते नाव कायमचं चिकटायचं. घरी आल्यावर हाच उद्योग त्यांनी कुटुंबावर सुरू ठेवला होता.

माझ्यासाठी ही मेजवानीच होती! मी गोविंदपुऱ्यातल्या एका लहान कारखान्यात स्टोअर सांभाळते. माझ्या रॅकमधल्या प्रत्येक डब्याला चिठ्ठी असते. बिनचिठ्ठीचा डबा दिसला की मला चैन पडत नाही. आणि इथे चक्क माणसांच्या डोक्यातल्या गोंधळालाही चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. महिन्याभरात मला सगळ्या पाठ झाल्या.

"बंद कुलर" शेजाऱ्यांकडून आला. थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी कुलर लावल्यावर खोलीच्या सगळ्या खिडक्या घट्ट बंद केल्या आणि दमटपणाने चिकचिकत बसले. भोपाळच्या उन्हाळ्यात ही चूक प्रत्येकाने एकदा तरी केलेली असते. "दहा पुढे" हे आमच्या बैठकीतलं घड्याळ. उशीर होऊ नये म्हणून ते दहा मिनिटं पुढे ठेवलेलं आहे, आणि ते पुढे आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे सगळे निवांत असतात. "साडू" म्हणजे पुराव्यादाखल कुणाचा तरी कुणी तरी: "आमच्या शेजाऱ्याच्या साडूने कारल्याचा रस प्यायला आणि साखर गायब!" "संत्रा शिक्का" सासूबाईंचा. सासूबाईंना आम्ही आई म्हणतो. त्या नागपूरच्या. "आमच्या नागपूरला असंच करतात" हे वाक्य आलं की त्या मुद्द्यावर संत्र्याचा शिक्का बसला, आता दुसरा पुरावा लागत नाही.

पण सगळ्यांत मानाची जागा "गाडी-मामा"ची. मामा म्हणजे आईंचे थोरले भाऊ. तरुणपणी ते सारखे नागपूरहून भोपाळला येत आणि परत जाताना त्यांची गाडी हमखास चुकायची. हबीबगंज स्टेशनवर (आता नाव बदललंय, पण आमच्या तोंडात हबीबगंजच बसलेलं आहे) मामा फलाटावर पाय ठेवणार आणि गाडी हलणार. असं बऱ्याचदा झाल्यावर मामांनी त्यावर खोल विचार केला आणि निष्कर्ष काढला की आपण फलाटावर आलो की गाडी सुटते. पुढच्या खेपेला ते चांगले वेळेत पोचले. पण आत गेले नाहीत. बॅग मांडीवर घेऊन स्टेशनबाहेरच्या चहाच्या ठेल्यावर बसून राहिले. म्हणजे आपण आत जाईपर्यंत गाडी उभी राहील. गाडी वेळेवर गेली. बाबा त्यांना परत घरी आणायला गेले तेव्हा मामा मनापासून दुखावलेले होते. म्हणाले, "पण जावईबापू, मी आत गेलोच नव्हतो!"

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते या शब्दांशिवाय झालंच नसतं. निदान मला तरी असं वाटतं. त्याबद्दल शेवटी बोलते.

माझ्या लग्नाला वीसेक वर्षं झाली, त्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी बाबा पेपर वाचता वाचता खुर्चीत तिरके झाले. दवाखाना, धावपळ, सगळं झालं. ते घरी आले तेव्हा पाय बरा होता, काठीने चालता येत होतं. उजवा हात मंद झाला होता. पण बोलणं गेलं होतं. एकच शब्द उरला होता: "हो."

"बाबा, चहा घेणार?"

"हो."

"की नको?"

"हो."

आपण चुकीचं बोललो हे त्यांना ऐकू यायचं. त्यांच्या कपाळावर आठी पडायची, मग ते डोळे मिटून घ्यायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोलण्याला नावं ठेवणाऱ्या माणसाच्या तोंडी एकच शब्द, आणि तोही निम्म्या वेळा चुकीचा.

त्यांचे जुने सहकारी भेटायला आले. बाबा त्यांच्यासोबत अर्धं मिनिट बसले आणि मग त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यानंतर कुणी आलं की ते आत जाऊन पडत. त्यांना बोलायला शिकवायला एक तरुण बाई येऊ लागल्या, स्पीच थेरपिस्ट. त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, की बाबांना समजतंय सगळं. शब्दही डोक्यात आहेत, फक्त बाहेर यायचा रस्ता तुटलाय. पण त्यांनी प्रयत्नच सोडला तर मात्र फार अवघड होईल. "इन्हें बोलने की ज़रूरत महसूस होनी चाहिए, मैडम," त्या म्हणाल्या. "गिनती, भजन, गाली, कुछ भी चलेगा. जो मुँह से अपने आप निकलता था, वो पहले आता है."

त्या गेल्यावर ओट्याशी आमची सभा भरली. मी, नवरा, आणि कॉलेजात असलेली आमची लेक.

"पाढे?" नवरा म्हणाला.

"बाबा पाढे म्हणत नव्हते, आपल्याकडून म्हणवून घेत होते," मी म्हटलं.

"भजन?"

"आजोबा आणि भजन?" लेक म्हणाली. "पप्पा, प्लीज."

"मग शिव्या."

आम्ही तिघंही विचारात पडलो. बाबांनी आयुष्यात शिवी दिल्याचं कुणाला आठवेना. आणि मग लेक एकदम ओट्यावर हात आपटून ओरडली, "अरे यार! शिव्या नाही, पण आजोबा ते नाही का म्हणायचे? साडू! दहा पुढे! कोणी काही बकवास बोललं की ऑटोमॅटिक निघायचं ना त्यांच्या तोंडून!"

खरंच की! हे शब्द ते विचार करून म्हणतच नसत. शिंक यावी तसे ते यायचे. म्हणजे आपण काय करायचं? शिंक यावी म्हणून तपकीर द्यायची. त्यांच्यासमोर जमेल तितका मूर्खपणा करायचा!

मी तिथल्या तिथे यादी केली. कुठला शब्द काढायचा, त्यासाठी कुणी काय बोलायचं, चहाच्या वेळी की जेवताना. यादी फ्रिजवर लावली. नवऱ्याकडे "अर्धी पोळी" आणि "साडू" दिले, लेकीकडे "बंद कुलर" आणि "दहा पुढे". "संत्रा शिक्का" कुणाला द्यायची गरज नव्हती, तो आईंकडून रोज आपोआप मिळत होता.

"पण आईंना काही सांगायचं नाही," मी बजावलं. "त्या मुद्दाम करायला लागल्या तर बिघडेल."

आईंनी अर्थातच फ्रिजवरची यादी वाचली. "हे काय? माझ्या नावापुढे 'नैसर्गिक' लिहिलंय ते काय?"

"आई, ते... तुम्ही सरावाशिवाय चांगलं करता, असं."

"काय चांगलं करते?"

नवरा पाणी प्यायला बाहेर निघून गेला. मला सगळं सांगावं लागलं. आई घुश्शात ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "म्हणजे चाळीस वर्षं मी मूर्खपणा करत होते आणि तुम्ही मोजत होता." मग हळू आवाजात, "त्यांना वाचा येणार असेल तर अजून करते. सांग, काय बोलू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलबीच्या बशा घेऊन आम्ही बाबांभोवती बसलो. उत्साह एवढा होता की नवऱ्याने ऑफिसला उशिरा येतो असं कळवलं होतं. तो टी. टी. नगरच्या सरकारी कचेरीत आहे. तिथे एक माणूस उशिरा आल्याने काही अडत नाही, हे त्याने स्वतःच सांगितलं. त्याने घसा खाकरला आणि शाळेतल्या नाटकातल्यासारखा सुरू झाला: "बाबा! मी ठरवलंय की जिलबी सोडायची! म्हणून आज मी फक्त अर्धी खाणार आहे! आणि नंतर अजून अर्धी!"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. खांदे हलले. हसले! कितीतरी दिवसांनी हसले. आम्ही त्यांच्या ओठांकडे पाहत राहिलो. ओठ हलले नाहीत. त्यांनी जिलबी उचलली.

पहिले काही दिवस तरी ते हसत होते. लेकीने जोरात जाहीर केलं की ती परीक्षेचा अभ्यास उद्यापासून करणार, कारण तिच्या फोनचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. नवऱ्याने ऑफिसातल्या कुणाच्या तरी साडूच्या करामती सांगितल्या. त्या साडूने एका आठवड्यात इतकं काही केलं की मलाच त्याची दया यायला लागली. आईंनी तर कमाल केली. "आमच्या नागपूरला थंडी पडतच नाही, कारण तिथे संत्री असतात," असं त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या आणि मग माझ्याकडे पाहून भुवई उडवली.

पण हळूहळू बाबांचं हसणं कमी झालं. नवऱ्याने घसा खाकरला की ते खिडकीबाहेरच्या पेरूच्या झाडाकडे पाहू लागत. एखाद्या वाईट नाटकात, तिकीट काढलंय म्हणून बसून राहिलेल्या माणसासारखं त्यांचं तोंड व्हायचं. शब्द काही येत नव्हता. आणि थेरपिस्टबाईंच्या तासालाही ते आता पुष्कळदा डोळे मिटून बसायचे.

मग ती संध्याकाळ आली. बाबा वेताच्या खुर्चीत बसले होते, राखाडी स्वेटर घालून. लेक कॉलेजातून आली आणि कुलरचं तिचं भाषण तिने कंटाळत कंटाळत सुरू केलं. आणि बाबांचे ओठ एकमेकांवर दाबले गेले. "ब..." आवाज आला. "ब... ब..."

बाबांचा चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली. आणि मग शब्द आतच राहिला. त्यांनी डोळे मिटले. पण "ब" आला होता! सगळ्यांनी ऐकला होता! लेक मला मिठी मारून उड्या मारू लागली, आई देवापुढे दिवा लावायला धावल्या, नवरा उगाच सगळ्या खोल्यांमधले दिवे लावत सुटला.

मी मात्र कामाला लागले. कारखान्यात एखादा भाग उत्तम जमला की आम्ही पहिली गोष्ट ही करतो: त्या वेळी काय काय होतं ते लगेच लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा तसंच करता येतं. मी बाबांच्या बाबतीतही तेच केलं. वेताची खुर्ची. तोंड पेरूच्या झाडाकडे. निळ्या रेघेचा स्टीलचा पेला. आल्याचा चहा. राखाडी स्वेटर.

दुसऱ्या दिवशी तीच खुर्ची, तोच पेला, तोच चहा, तोच स्वेटर. "ब" आला नाही. मी विचार केला, खुर्ची थोडी सरकलीय. फरशीवर खडूची खूण केली. तरी नाही. मग लक्षात आलं की त्या दिवशी रेडिओ बंद होता. रेडिओ बंद. मग आल्याचं प्रमाण. मग वाटलं की पाहुणे आल्यामुळे लक्ष उडतं, म्हणून पाहुण्यांना काही दिवस येऊ नका असं कळवलं. नवरा एकदा म्हणाला, "हे जरा बंद कुलर होत नाहीये ना?" मी त्याला म्हटलं, "तू यादीप्रमाणे आपले डायलॉग पाठ कर."

थंडी सरली. भोपाळमध्ये ती सरते तेव्हा काही विचारून सरत नाही. एका दुपारी लोक स्वेटर घालून बाहेर पडतात आणि तो कमरेला बांधून परत येतात. होळी जवळ आली. गल्लीत पोरांनी पाण्याचे फुगे मारायला सुरुवातही केली होती. आईंनी गाद्या-रजया उन्हात घालून पेटीत भरल्या. पण संध्याकाळी पाच वाजता बाबांच्या अंगात राखाडी स्वेटर चढायचाच.

त्या दिवशीही मी स्वेटर घेऊन आले. बाबा खडूच्या खुणेवरच्या खुर्चीत बसले होते, कपाळावर घाम. नवरा वरच्या पंख्याकडे बोट दाखवून म्हणाला, "अगं, पंखा चारवर आहे. आणि तू त्यांना लोकर घालतेयस."

"चारवर आहे म्हणूनच. अंगाला वारा लागतो."

"मग पंखा बंद कर."

"पंखा बंद केला तर उकडेल."

लेकीने फोनमधून मान वर काढली. आई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "सोड गं त्यांना आता," त्या म्हणाल्या, "घामाने भिजलेत. मी तो धुवायला टाकणार होते."

"धुवायचा नाही!" मी इतक्या जोरात म्हणाले की मीच दचकले. "आई, आपण सगळं करून पाहिलं. पण ओठ हलले ते याच स्वेटरात. मला माहितेय लोकरीने बोलणं येत नसतं. पण हा काढला आणि येणारा शब्द आलाच नाही तर? मी तो धोका घेणार नाही."

ते यादीतलं वाक्य नव्हतं. मी खरोखरच तसं मानत होते. दिवसभर स्टोअरमधल्या पोरांना "पुराव्याशिवाय बोलू नका" असं दटावणारी मी, एका स्वेटरची बाही धरून उभी होते.

"आमच्या नागपूरला," आई म्हणाल्या, "सुनेने सासऱ्याला होळीला स्वेटर घातलेला मी तरी पाहिला नाही."

मी बाबांचा डावा हात बाहीत घातला. मानेवरून स्वेटर ओढायला लागले तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांचं डोकं अर्धं गळ्यातून बाहेर आलेलं. ते माझ्याकडे पाहत होते. आणि डोळे चमकत होते. ती चमक मला पहिल्या आठवड्यापासून ओळखीची होती, तीच, अर्ध्या पोळीची.

"गा," ते म्हणाले.

मी बाही सोडली.

"गा... डी."

बाबांनी गिळलं, हनुवटी पुढे केली, आणि अक्षरं एकेक करून उंबऱ्यावरून ढकलावीत तशी ढकलली: "गाडी. मा... मा."

लेक किंचाळली. "आजोबाऽऽ! क्या बात है!" नवरा हसत होता की रडत होता ते मला आजही सांगता येणार नाही, तो फक्त "बरोबर, बाबा, अगदी बरोबर, हीच गाडी-मामा!" असं म्हणत माझ्याकडे बोट दाखवत होता. आईंनी पदर तोंडाशी धरला. "बोलले ते बोलले," त्या मुसमुसत म्हणाल्या, "ते पण माझ्याच भावावरून!"

आणि मी? माझ्या डोक्यातल्या गोंधळाला नुकतीच चारचौघांत चिठ्ठी लागली होती, आणि मला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. मी बाबांच्या पायाशी फरशीवर बसले, अगदी खडूच्या खुणेवर. बाबांनी डाव्या हाताने स्वेटर डोक्यावरून ओढून काढला आणि माझ्या अंगावर टाकला.

त्याच संध्याकाळी नागपूरला फोन लावला. मामा आता थकलेत, त्यांना ऐकूही कमी येतं. आईंनी ओरडून ओरडून बातमी सांगितली. मग मामांचा आवाज खोलीभर आला, "म्हणजे शेवटी माझ्यामुळेच बोलले ना! मी म्हणत होतोच!"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पुढचे दिवस कसे गेले सांगू! एकेक नवा शब्द येऊ लागला. "साडू" आला, पण "ळाडू" असा. "दहा" आला आणि "पुढे" दोन दिवसांनी त्याच्या मागून आला. काही दिवस काहीच यायचं नाही, मग एकदम चहा मागताना "आलं घाल" असं पूर्ण वाक्य. पाहुण्यांना मी पुन्हा बोलावलं. जुने सहकारी आले, आणि त्यांच्यातले एकजण आपल्या गुडघेदुखीला कुणाच्या तरी साडूचा उपाय सांगायला लागले. बाबांनी बोट वर केलं आणि "सा..." एवढंच म्हटलं. सगळे "साडू!" असं एका सुरात ओरडले. त्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं नाही.

उन्हाळा चांगला तापल्यावर थेरपिस्टबाई एकदा त्यांची प्रगती बघायला आल्या. खूश झाल्या. दुसऱ्या रुग्णांसाठी उपयोगी पडेल म्हणून विचारू लागल्या की आम्ही नक्की काय केलं. मी या प्रश्नाची वाटच पाहत होते! मी त्यांना सगळं सांगितलं. आमचे नाटकातले मूर्खपणे कसे वाया गेले, कारण ते खोटे होते. बाबांना खोट्या चुकीला नाव ठेवण्यात रस नव्हताच. मग मी खरी चूक केली, मनापासून केली, आणि शब्द आला. "म्हणजे उपाय असा," मी म्हणाले, आणि ते सांगताना मला फार समाधान वाटत होतं, "की घरातल्या कुणीतरी रोज एक खरी चूक करायची. मुद्दाम नाही, खरी. मग पेशंटला बोलावंच लागतं. आमच्याकडे तसं झालं, म्हणून तेच कारण."

खुर्चीत बसलेल्या बाबांचा डावा हात वर गेला. डोळे तेच, चमकणारे. आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो.

"स्वे," ते म्हणाले. थांबले. पुन्हा जोर लावला. "स्वेटर."

राखाडी स्वेटर केव्हाच धुऊन पेटीत गेला होता. आणि हा शब्द आमच्या फ्रिजवरच्या यादीत नव्हता. कुठल्याच यादीत नव्हता. तो बाबांनी आत्ता, या क्षणी तयार केला होता. लेकीने तोंडावर हात ठेवला. नवऱ्याला सगळ्यात आधी उलगडलं. "वा!" तो म्हणाला. "गाडी-मामात गैरसोय आपली आपल्याला होते. स्वेटरमध्ये कल्पना एकाची आणि घाम दुसऱ्याला!"

थेरपिस्टबाई आमच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होत्या. लेक त्यांना हिंदीत समजावू लागली, की तिच्या आईने, म्हणजे मी, आत्ताही तेच केलं. एकदा जे घडलं त्याच्या वेळचं जे हाताला लागलं त्यालाच कारण समजून दुसऱ्यांना घालायला निघाली.

मी बाबांसमोर खाली बसले. "बाबा, म्हणजे मी पुन्हा तेच केलं?"

"हो," बाबा म्हणाले.

त्या वेळी ते "हो" बरोबर होतं.